उत्तर: वडिलांच्या नाकाजवळचा बेसल सेल, आणि कापलेल्या तुकड्याची चौकशी

डिचोलीच्या ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. वडील अडुसष्ट वर्षांचे, नाकपुडीच्या बाजूला काळी चकचकीत गाठ, दाढी करताना रक्त येतं, बायॉप्सीत बेसल सेल कार्सिनोमा, म्हणजे कातडीचा एक कॅन्सर, निघाला. सर्जन म्हणतात अर्ध्या तासाचं काम, त्याच दिवशी घरी. आता इथे गोव्यातच करावं की मुंबईला न्यावं आणि आधी काय विचारून घ्यावं, हा तुमचा प्रश्न. माझ्या नाकाच्या पाळीला नेमकं हेच झालं होतं, म्हणून लिहायला बसलो. मी डॉक्टर नव्हे, वीज खात्यातून निवृत्त झालेला फोंड्याचा माणूस आहे. औषधपाण्याचं जे लिहितोय ते तुमच्या डॉक्टरांकडे ताडून घ्या.

हा रोग काय, कशाने होतो ते इथे पुष्कळांनी लिहून ठेवलंय, ते सोडतो. एवढंच लक्षात असू द्या की बेसल सेल शरीरात दुसरीकडे फार क्वचित जातो, पण जागच्या जागी आत खात राहतो. नाक, कान, डोळ्याची कड या त्याच्या बाबतीत जोखमीच्या जागा धरतात. चौकशीत दोन-तीन आठवडे गेले तर आभाळ कोसळत नाही. पण पाऊस सरू दे, चवथ होऊ दे, मग दिवाळी, असं करत वर्ष काढू नका.

आता मुद्द्याचं. तुमच्या पोस्टीत भूल, टाके, खर्च सगळं आलंय. काढलेला तुकडा पुढे कुठे जाणार, याबद्दल एक शब्द नाही.

माझं पहिलं ऑपरेशन छान झालं. सर्जनचा हात चांगला, टाके बारीक, महिन्याभरात कोणाला दिसणारही नाही असं वाटत होतं. मग रिपोर्ट आला: एका कडेपर्यंत गाठ पोचलेली आहे. कुठल्या कडेपर्यंत? वरच्या, खालच्या, की गालाकडच्या? ते कोणालाच सांगता येईना, कारण तुकडा डबीत टाकताना त्यावर खूणच केली नव्हती. कातडीचा तुकडा एकदा फॉर्मॅलिनमध्ये पडला की आकसतो, आणि त्याचं डोकं कुठलं नि पाय कुठला हे पॅथॉलॉजिस्ट ओळखणार कसं? खूण करणं अगदी साधं असतं. तुकड्याच्या वरच्या टोकाला आखूड दोरा, बाहेरच्या बाजूला लांब दोरा, आणि सोबतच्या फॉर्मवर तसं एक वाक्य. कुठली बाजू राहिली ते कळलं असतं तर तेवढीच पुन्हा कापून भागलं असतं. ते न कळल्यामुळे दुसऱ्या वेळी सगळा घेर कापावा लागला. मग तिथे सरळ टाके बसेनात, कानापुढची कातडी आणून लावावी लागली. ती चकती नाकावर अजून वेगळी दिसते.

पण खरा छळ त्या दोन ऑपरेशनांच्या मधला. दुसऱ्या सर्जननी सांगितलं, आधीच्या स्लाइड आणि ब्लॉक आणा, आपण पुन्हा तपासून घेऊ. ब्लॉक म्हणजे तुमचा तुकडा मेणात बसवून केलेली लहानशी वडी. त्यातून पातळ काप काढून स्लाइड बनवतात आणि उरलेला ब्लॉक जपून ठेवतात, म्हणजे पुढे कित्येक वर्षांनीही त्यातून नव्या स्लाइड काढता येतात. मी गेलो मागायला. टेबलावरचा माणूस म्हणाला, "रिपोर्ट दिलाय ना, आणखी काय पाहिजे?" मग अर्ज द्या. अर्जावर साहेबांची सही हवी. साहेब आज नाहीत. साहेब आले तर म्हणे अर्ज इंग्रजीत पाहिजे. इंग्रजीत दिला तर ज्या कपाटात ब्लॉक, त्याची चावी असलेली बाई रजेवर. प्रत्येक वेळी अर्धा दिवस बाकड्यावर. शेवटी स्लाइड मिळाल्या त्या वर्तमानपत्रात गुंडाळून, एक तडकलेली. ब्लॉक "सापडत नाही". माझ्याच नाकाचा तुकडा, आणि मागतोय मी उपकार मागितल्यासारखा! ती जागा सरकारी की खाजगी, कुठल्या गावातली, ते सांगत बसत नाही. आता सांगून उपयोगही नाही.

म्हणून तुमच्या सर्जनना आधीच विचारा, आणि लाजू नका: तुकड्याला खुणेचा दोरा घालणार ना? कुठल्या पॅथॉलॉजीत जाणार? रिपोर्टमध्ये प्रत्येक कडेचं अंतर लिहून येईल ना? स्लाइड आणि ब्लॉक हवे झाले तर कोणाकडे मागायचे? बायॉप्सीचा ब्लॉक तर तुमचा आत्ताच तयार असेल, त्याची चौकशी उद्यापासूनच करा. यावर चिडणारा सर्जन भेटला तर मी तरी दुसरा बघीन. हे माझं मत, तुम्हाला पटलं नाही तर सोडून द्या.

रिपोर्टमध्ये "कडा मोकळ्या" आलं म्हणजे काय, तेही समजून घ्या. नेहमीच्या तपासणीत तुकड्याचे ठरावीक ठिकाणी उभे काप घेतात. पोदेराचा उंडो (पाववाल्याचा गोल पाव) चार ठिकाणी कापला तर सुरी पडली तेवढीच कड दिसते, मधली दिसत नाही, तसंच हे. लहान, ठळक काठाच्या गाठीला एवढं बहुतेक वेळा पुरतं. जोखमीच्या जागेसाठी मोह्स नावाची पद्धत आहे. अमेरिकेच्या फ्रेडरिक मोह्स यांनी ती १९३० च्या दशकात सुरू केली. थर काढायचा, त्याची संपूर्ण कड तिथल्या तिथे सूक्ष्मदर्शकाखाली बघायची, जिथे राहिलंय तेवढाच पुढचा थर काढायचा. आपल्या देशात ती करणारे थोडे. ती नसेल तर ऑपरेशन चालू असतानाच फ्रोझन सेक्शनने, म्हणजे तुकडा गोठवून लगेच काप काढून, कडा तपासणार का, हे विचारता येतं. तेही नसेल तर रिपोर्ट येईपर्यंत जखम मोठ्या फ्लॅपने (शेजारची कातडी सरकवून) बंद करण्याची घाई करू नका म्हणून सुचवा. मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

तुमच्या पोस्टीखाली एका दादांनी मामांची हकिकत लिहिलीय, तळपायावरची काळी गाठ काढताना केवढा खड्डा केला म्हणून. त्याने बाबांना घाबरवू नका. ती मेलानोमाची, म्हणजे कातडीच्या दुसऱ्या, जास्त घातक कॅन्सरची गोष्ट दिसते आणि त्याचं गणितच वेगळं. त्यात गाठीची जाडी मोजून भोवतालची १ ते २ सेंटिमीटर चांगली कातडी काढतात, काखेतली-जांघेतली गाठही तपासावी लागू शकते. लहान बेसल सेलला भोवती साधारण ४ मिलिमीटर. तरी जखम गाठीपेक्षा बरीच लांब दिसेल, कारण टाके घालताना जखमेच्या दोन्ही बाजू नीट जुळाव्यात म्हणून पानाच्या आकारात कापतात.

मुंबईबद्दल विचाराल तर: पहिलीच वेळ, गाठ लहान, आणि चेहऱ्यावरचं काम नेहमी करणारा प्लास्टिक सर्जन किंवा कॅन्सर सर्जन इथे मिळत असेल तर इथेच करा. पुन्हा उगवलेली गाठ, डोळ्याजवळची, काठ न समजणारी, किंवा रिपोर्टमध्ये मज्जातंतूभोवती पसरल्याचं लिहिलेलं असेल तर मात्र जा. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये बाहेरच्या रुग्णांच्या स्लाइड आणि ब्लॉक मागतातच, म्हणजे आलंच पुन्हा तेच. रुग्णाशिवाय नुसत्या स्लाइड दाखवता येतात का ते आधी विचारून घ्या. येत असतील तर थिवीला कोकणकन्या पकडून तुम्हीच जाऊन या, बाबांना कशाला दगदग.

खर्चासाठी गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं दीनदयाळ स्वास्थ्य सेवा कार्ड असेलच. कुटुंबात तीन माणसांपर्यंत वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त असली तर चार लाख. नूतनीकरण झालंय का बघा, आणि मंजुरी ऑपरेशनच्या आधी घ्या. पॅथॉलॉजीचा खर्च आणि गरज पडली तर दुसरी फेरी त्यात धरलीय का, तेही विचारा.

बाबांना रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर स्वतःच्या मनाने बंद करू नका. अशा लहान ऑपरेशनला ती बहुधा चालूच ठेवतात, पण निर्णय डॉक्टरांचा. पेसमेकर असेल तर पहिल्या भेटीतच सांगा, कारण रक्त थांबवायला विजेचं यंत्र वापरतात. विडी-सिगारेट असेल तर थांबवायला लावा, लावलेली कातडी धुरामुळे धरत नाही. नाकावरचं भुलीचं इंजेक्शन मात्र चांगलंच झोंबतं, त्याची मनाची तयारी करून ठेवा. दुसऱ्या दिवशी डोळे सुजले तर घाबरायचं नाही, दोन उशा घेऊन झोपवा. रक्त आलं तर स्वच्छ कापडाने वीस मिनिटं दाबून धरा, मधे उघडून बघायचं नाही. चेहऱ्याचे टाके साधारण पाच ते सात दिवसांत काढतात. आपल्याकडच्या दमट हवेत ड्रेसिंग घामाने ओलं होतं, तेव्हा जादा पट्ट्या घरी आणून ठेवा. हळद, खोबरेल, शेजारणीने सांगितलेलं गावठी औषध, काही लावायचं नाही. काही लेप वरची कातडी जाळतात, जागा बरी झालीशी वाटते आणि खाली रोग तसाच वाढतो. आमच्या वाड्यावर एकाने असंच दीड वर्ष घालवलं.

एकदा बेसल सेल झालेल्याला दुसरीकडे नवा होण्याचा संभव जास्त असतो, म्हणून वर्षातून एकदा तरी सगळ्या अंगाची कातडी तपासून घ्या. डोकं आणि कानामागची जागा स्वतःला दिसत नाही. माझ्या कानामागचा डाग न्हाव्याने दाखवला होता, सुदैवाने तो साधाच निघाला. जुन्या भाजल्याच्या व्रणावर न भरणारी जखम झाली तर तीही दाखवा, तिथे दुसऱ्या प्रकारचा कॅन्सर होऊ शकतो.

स्लाइड आणि ब्लॉक मागण्याचा अर्ज माझ्याकडे मराठी आणि इंग्रजी दोन्हीत तयार आहे, हवा तर सांगा, पाठवतो. त्यात बायॉप्सीचा नंबर ठळक घाला आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. नंबर नसेल तर टेबलावरचा माणूस मान वर करत नाही.