पहिल्यांदाच नेतृत्वासाठी उभे राहताना

नेशनस्टेट्स या ऑनलाइन खेळात, जिथे प्रत्येक खेळाडू स्वतःचे राष्ट्र चालवतो, येऊन दोनच महिने झाले असताना तुम्ही प्रदेशाच्या, म्हणजे अशा राष्ट्रांच्या गटाच्या, नेतृत्वासाठी उभे राहायचे ठरवले, याचा मला मनापासून आनंद झाला. नवख्याने उमेदवारी करूच नये, हे मला कधीच पटलेले नाही.

सर्वप्रथम प्रदेशाची घटना नीट वाचा. खेळाच्या नियमानुसार वर्ल्ड असेंब्ली या खेळातल्या जागतिक सभेच्या सदस्यांपैकी ज्याला प्रदेशात सर्वाधिक एंडोर्समेंट (इतर सदस्यांचा पाठिंबा) असतात, तो त्या सभेतला प्रदेशाचा प्रतिनिधी होतो, परंतु पुष्कळ प्रदेश आपला पंतप्रधान किंवा अध्यक्ष स्वतंत्र मतदानाने निवडतात, आणि या दोन पदांसाठीचा प्रचार अगदी वेगळा असतो. असेंब्लीत एका खेळाडूचे एकच राष्ट्र सदस्य राहू शकते. दुसरे घुसवण्याच्या मोहात पडू नका, कारण गेलेला विश्वास परत मिळत नाही.

नवखे उमेदवार बहुधा जाहीरनाम्यात चुकतात. ‘प्रदेश अधिक सक्रिय करीन’ असे सगळेच लिहितात. त्याऐवजी ‘नव्या राष्ट्राला पहिल्याच दिवशी स्वागताचा टेलिग्राम (खेळातला संदेश) जाईल आणि आठवडाभरात त्याच्याकडे एक छोटे काम सोपवले जाईल’ असे लिहा, आणि ते कोण पाहील हेही सांगा.

आणखी दोन गोष्टी:

- सर्वांना एकच ठरावीक टेलिग्राम पाठवू नका. जुन्या सदस्यांना, विशेषतः विरोधात जातील असे वाटणाऱ्यांना, ‘मागच्या कार्यकाळात काय अडले?’ एवढेच विचारा आणि उत्तर शांतपणे वाचा.
- प्रतिस्पर्ध्याच्या धोरणावर बोला, त्याच्या स्वभावावर नको. निवडणुकीनंतर तोच तुमच्या मंत्रिमंडळात असू शकतो.

लष्करी मोहिमा आणि परराष्ट्र करार सध्या बाजूला ठेवा. मतदान संपेपर्यंत प्रश्नांना उत्तरे देण्यासाठी रोज अर्धा तास मात्र राखून ठेवा.