जिवंत आणि मेलेल्या शिंपल्यांच्या आकारांचे आलेख का जुळत नाहीत?

मुख्य कारण लहान कवचं. ती पातळ असतात. लवकर फुटतात, विरघळतात किंवा लाटांबरोबर वाहून जातात. म्हणून पिल्लं भरपूर मेली तरी मेलेल्यांच्या आलेखात मोठेच जास्त दिसतात. शिवाय मेलेल्यांची कवचं अनेक वर्षांची साठलेली असतात, जिवंत शिंपले मात्र त्या दिवसापुरते.

हे स्वतः मोजून पाहायचं तर ओहोटीला २५ × २५ सेंमी चौकटीत २० सेंमी खोल खणा, १ मिमी जाळीतून चाळा. ५ मिमीची चाळणी वापरलीत तर पिल्लं निसटतात आणि चूक तुमचीच ठरते! सर्वाधिक लांबी कॅलिपरने ०.१ मिमीपर्यंत मोजा. सुट्या कवचांपैकी फक्त डावी मोजा, नाहीतर एकच शिंपला दोनदा मोजला जाईल. बिजागरीने जोडलेली रिकामी कवचं वेगळी नोंदवा, ती बहुधा ताज्या मृत्यूची असतात.