स्विमिंग पूलचा हीट पंप कुठे बसवावा, किती किलोवॉटचा घ्यावा आणि मेंटेनन्स काय लागतो?

पंप रूममध्ये बसवू नका. बाकी सगळं नंतर. तुम्ही विचारलंय घरच्या पूलला किती किलोवॉटचा घेऊ आणि वर्षभर काय काय करावं लागतं, आणि शेवटी जाता जाता लिहिलंय की 'जागेचा प्रश्न नाही, पंप रूम रिकामीच आहे, कॉन्ट्रॅक्टर म्हणतो तिथेच बसवू.' हे वाचलं आणि लिहायलाच बसलो. तुमचा कॉन्ट्रॅक्टर आणि माझे दाजी एकाच माळेचे मणी.

आमचा पूल पोहायला शिकवायचा आहे, छोटाच, आठ बाय चार मीटर, सरासरी खोली 1.4 मीटर, म्हणजे साधारण 45 हजार लिटर पाणी. पैसे आणि बांधकाम दाजींचं, पाणी आणि पोरं माझ्याकडे. थंडीत पोरं कुडकुडत बाहेर यायची, निम्मी बॅच गळायची, म्हणून हीट पंप घ्यायचं ठरलं आणि इथपर्यंत आमचं एकमत होतं. मशीन आलं तसं दाजी म्हणाले, खाली फिल्टरच्या खोलीत ठेवा. बाहेर दिसायला घाण दिसेल, आवाज येईल, आणि बाकीची सगळी मशीनं खालीच आहेत मग याचेच एवढे लाड कशाला. मी म्हटलं, दाजी, हे हवा कुठून घेणार? तर म्हणे, "खोलीत हवा नाही का, तू श्वास घेतोस ना तिथे उभा राहून?" सगळे हसले. आता ज्याचे पैसे त्याचा शब्द, मी गप्प बसलो नाही पण ऐकलंही कोणी नाही.

हीट पंप स्वतः उष्णता बनवत नाही हो, ती हवेतून ओढून पाण्यात टाकतो. एसी उलटा लावल्यासारखं समजा. 12 किलोवॉटचं मशीन असेल आणि सीओपी (खाल्लेल्या विजेच्या किती पट उष्णता मिळते तो आकडा) 5 धरला, तर वीज खातं 2.4 किलोवॉट, आणि उरलेले 9.6 किलोवॉट येतात हवेतून. त्यासाठी फॅन तासाला काही हजार घनमीटर हवा कॉइलवरून, म्हणजे गार नळ्यांच्या जाळीवरून, खेचतो आणि गार करून पुढे फेकतो. ही गार हवा निघून गेली पाहिजे. बंद खोलीत ती जाणार कुठे, भिंतीवर आपटून परत मागच्या कॉइलमध्येच शिरते, तिथून आणखी गार होऊन निघते, परत शिरते, आणि शेवटी मशीन स्वतःचीच थंडी खात बसतं.

आमच्याकडे अगदी हेच झालं. सुरुवातीला झकास चाललं, दाजी मिशीवर ताव देत फिरत होते. मग फिन्सवर, म्हणजे कॉइलच्या पातळ पत्र्यांवर, पांढरा थर यायला लागला, बघता बघता बर्फ झाला, लो प्रेशरचा एरर आला आणि मशीन बंद. टेक्निशियनला बोलावलं. त्याने गेज लावलं आणि सांगितलं गॅस (मशीनच्या आत फिरून उष्णता वाहणारा) कमी आहे. नवं कोरं मशीन, गॅस कमी कसा होईल? मी विचारलं लीक कुठे आहे, दाखव. तो म्हणाला, लीक नाही, 'उडतो' कधी कधी. गॅस भरला. काम चालू असताना खोलीचा दरवाजा सताड उघडा होता, खोली पुन्हा बाहेरच्याइतकी गरम झालेली, त्यामुळे मशीन सुरू होऊन मस्त चाललं. तो गेला, दरवाजा लागला, आणि पुन्हा तेच. मग दुसरा आला, त्याने सेन्सर बदलला. मग दाजींनी निकाल दिला की मशीनच छोटं पडतंय, याच्या डबल घेऊ. डबल! म्हणजे त्याच खोलीत दुप्पट थंडी.

तेव्हा मी दोन थर्मामीटर आणले. एक बाहेर सावलीत टांगला, एक कॉइलसमोर. मशीन तासभर चालू दिलं. बाहेर 27 डिग्री, खोलीत 11. दाजी म्हणाले तुझा थर्मामीटर बिघडलाय. दोन्हींची जागा बदलली, थोडं थांबलो, आकडे होते तिथेच राहिले. यावर ते काहीच बोलले नाहीत, फक्त फोन आला म्हणून बाहेर गेले, फोन वाजलेला मी तरी ऐकला नव्हता.

आणि एवढ्यावर भागत नाही. त्या खोलीत क्लोरीनचे ड्रम आणि अ‍ॅसिडचे कॅन ठेवलेले. त्यांची वाफ दिवसरात्र फिरत असते. टायटॅनियमचा एक्स्चेंजर (गॅसची उष्णता पाण्याला देणारा भाग) म्हणून सेल्समन छाती ठोकून सांगतो ते खरं आहे, पण टायटॅनियम फक्त पाण्याच्या बाजूला असतं. हवेच्या बाजूच्या कॉइलला तांब्याच्या नळ्या आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ फिन्स, त्यांना ही वाफ खाते. आमच्या फिन्सवर पांढरी भुकटी धरायला लागली होती, बोट लावलं की हाताला यायची.

शेवटी मशीन बाहेर आलं. सिमेंटचा ओटा, जमिनीपासून उंच, खाली रबरी पॅड, मागे आणि बाजूला अर्धा मीटर मोकळं, समोर अडीच-तीन मीटर काहीच नाही. पहिल्या टेक्निशियनने भरलेला जास्तीचा गॅस काढून कंपनीच्या प्लेटवर लिहिलेल्या वजनाइतकाच वजनकाट्यावर मोजून भरून घेतला. त्यानंतर बर्फ नाही, एरर नाही. आणि दाजी आजही पाहुण्यांना सांगतात की गॅस भरला म्हणून मशीन चाललं. म्हणून एकदा लिहूनच टाकतो, गॅसचं सर्किट सीलबंद असतं. गॅस वापरून संपत नाही, उडत नाही. कमी झाला तर लीक आहे, लीक शोधून बुजवायचा आणि मगच भरायचा. दरवर्षी 'गॅस टॉपअप' सर्व्हिसमध्ये लावणारा माणूस दारातूनच परत पाठवा. त्यात नवीन मशीनमध्ये बहुतेक आर-32 असतो, तो थोडाफार पेट घेणारा आहे, कोणीही सिलेंडर घेऊन यावं आणि भरावं असला प्रकार नाही.

बरं, तुमचं. प्लंबिंगचा क्रम असा, आधी पंप, मग फिल्टर, मग हीट पंप आणि सगळ्यात शेवटी क्लोरीन किंवा सॉल्ट क्लोरिनेटर (मिठापासून क्लोरीन बनवणारं यंत्र). हीट पंप आणि क्लोरिनेटरच्या मध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह पाहिजेच, नाहीतर पंप बंद झाला की कडक क्लोरीनचं पाणी मागे येऊन एक्स्चेंजरमध्ये बसतं. आणि त्या ट्रायक्लोरच्या (क्लोरीनच्या) गोळ्या स्किमरमध्ये (पाण्यावरचा कचरा ओढणाऱ्या तोंडात) टाकायची सवय असेल तर सोडा, त्या आम्लधर्मी असतात आणि ते पाणी थेट मशीनमधून जातं. हीट पंपाला तीन व्हॉल्व्हचा बायपास, म्हणजे पाणी मशीनला वळसा घालून नेणारी वाट, करून घ्या. 'आपल्याला काय गरज' असं म्हणणारा भेटेलच. बायपासशिवाय फ्लो जुळवता येत नाही आणि मशीन दुरुस्तीला काढलं की पूलच बंद ठेवावा लागतो.

फ्लो बरोबर असेल तर आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्यात फरक जेमतेम 1 ते 2 डिग्री असतो. आमचं 12 किलोवॉटचं मशीन, तासाला 6 घनमीटर पाणी, हिशोब केला तर 1.7 डिग्री येतो. दाजी रिटर्नच्या (पूलमध्ये पाणी परत येतं त्या) तोंडाशी हात धरून म्हणायचे, "गरम कुठंय? गीझरसारखं नको का यायला?" नको. गीझरसारखं आलं तर फ्लो कमी आहे आणि मशीनवर ताण पडतोय.

वीज वेगळ्या सर्किटवर घ्या, स्वतःचा एमसीबी, 30 मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा), अर्थिंग चोख. थ्री फेज मशीन असेल आणि सुरूच होत नसेल तर आधी फेजचा क्रम बघायला सांगा. मशीन आडवं घालून आणलं असेल तर उभं करून एक दिवस तसंच ठेवा, कॉम्प्रेसरचं ऑइल खाली बसू द्या, मगच चालू करा. विजेचं हे कामही लायसन्स असलेल्याकडूनच.

आता कव्हर. यावरून आमच्याकडे मशीनपेक्षा जास्त भांडण झालंय. दाजींचं म्हणणं कव्हर म्हणजे फालतू खर्च, ते गुंडाळायला माणूस लागतो, पूल झाकलेला वाईट दिसतो. उघड्या पूलची सगळ्यात जास्त उष्णता बाष्पीभवनात जाते. एक लिटर पाणी उडताना साधारण 0.68 युनिट (किलोवॉट-तास) उष्णता घेऊन जातं. आमचा पूल 32 चौरस मीटर, दिवसात 5 मिलिमीटर पातळी उतरली तरी 160 लिटर झाले, म्हणजे जवळपास 108 युनिट उष्णता. सीओपी 5 असला तरी ती परत आणायला 21-22 युनिट वीज, रोज, नुसती हवेत सोडायला. कव्हर घातलं की यातला मोठा भाग वाचतो. मी हा हिशोब कागदावर मांडून दाजींच्या टेबलावर ठेवला होता, त्यांनी त्याच्या मागे वीटवाल्याचा हिशोब लिहिला. तुमच्या घरी असं कोणी असेल तर त्यांना हे दाखवा, मला समाधान मिळेल. कव्हर नसेल तर हीट पंप घेऊच नका असं माझं सरळ मत आहे.

मेंटेनन्स खरं तर फार नाही. पीएच 7.2 ते 7.6 मध्ये ठेवा, खाली गेला की गंज, वर गेला आणि पाणी जड असलं की आतून क्षार धरतात. फिन्सवर पानं, धूळ, केस बसतात, ते मऊ ब्रशने आणि साध्या पाईपच्या धारेने उभ्या दिशेने धुवा. प्रेशर वॉशर मारू नका, फिन्स वाकून बंद होतात. फिल्टर वेळेवर बॅकवॉश करा (उलटं पाणी सोडून धुवा), कारण फिल्टर तुंबला की फ्लो कमी होतो आणि फ्लो स्विचचा एरर येतो, मग सगळे मशीनला शिव्या घालतात. मशीनखाली पाणी साचलं म्हणून घाबरू नका, कॉइलवर हवेतला ओलावा जमून ठिबकतो, दमट हवेत तासाला कितीतरी लिटर. खात्री करायची असेल तर त्या पाण्यात क्लोरीनची पट्टी बुडवा. क्लोरीन दाखवलं तर आतली गळती, नाही दाखवलं तर निव्वळ ओलावा. आणि मशीन दिवसा चालवा, दुपारी हवा गरम असते तेव्हा तेवढ्याच विजेत जास्त उष्णता मिळते. रात्री चालवून 'शांततेत होऊ दे' म्हणणारे आहेत, ते कोण ते तुम्हाला कळलंच असेल.

किलोवॉटचं राहिलं. एक हजार लिटर पाणी एक डिग्री तापवायला 1.16 युनिट उष्णता लागते. आमच्या 45 हजार लिटरला 6 डिग्री चढवायचे तर साधारण 313 युनिट, 12 किलोवॉटचं मशीन अखंड 26 तास, तेही काहीच उडून गेलं नाही असं धरून. तुमच्या पूलचं माप तुम्ही दिलेलंच नाही त्यामुळे पुढचं तुम्हीच काढा, आणि उडणाऱ्या उष्णतेसाठी वर थोडं जास्तीचं धरा. ब्रोशरवरचा सीओपी बघताना खालचं बारीक वाचा, तो बऱ्याचदा 27 डिग्री हवा, 27 डिग्री पाणी आणि 80 टक्के आर्द्रता धरून दिलेला असतो. इन्व्हर्टर (वेग कमी-जास्त करणाऱ्या) मशीनवर 12-15 असे आकडे छापतात ते मशीन एकदम मंद चालत असतानाचे असतात. 15 डिग्री हवेचा आकडा मागा. तो न देणाऱ्याकडून घेऊ नका.

थोड्या गोष्टी सांगायच्या राहिल्या. तुमच्याकडे पाणी गोठण्याइतकी थंडी पडत असेल तर हंगाम संपल्यावर मशीनमधलं पाणी पूर्ण काढून टाका, आत पाणी गोठलं की एक्स्चेंजर फुटतो आणि ते वॉरंटीत बसत नाही. साधी मशीनं हवा 10 डिग्रीच्या खाली गेली की ढेपाळतात, वर्षभर चालवायचं असेल तर डीफ्रॉस्टवालं (कॉइलवरचा बर्फ स्वतः वितळवणारं) घ्या. आवाजाबद्दल दाजी अगदीच चूक नव्हते, शेजाऱ्यांच्या बेडरूमच्या खिडकीकडे तोंड करून बसवू नका. आणि खोलीतच ठेवायची सक्ती असेल तर डक्ट लावून हवा बाहेरून आत आणि आतून बाहेर नेता येईल अशी खास मॉडेल मिळतात, साध्या मशीनला मात्र मनाने डक्ट जोडू नका, त्याच्या फॅनमध्ये तेवढा जोर नसतो. पूल घराच्या आत असेल तर वरचं सगळं अर्धंच लागू आहे, तिथे हवेतला ओलावा काढायची वेगळी सोय लागते, तसं असेल तर मापासकट पुन्हा लिहा.