मॅनिफोल्डला रंग लावण्याआधी

मित्रा, रंगाचा डबा कुठला घ्यायचा ते नंतर बघू. आधी बिडाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनाचा गरम धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणारा भाग, उतरव आणि सँडब्लास्टिंग करून घे, म्हणजे वाळूच्या माऱ्याने गंज काढून घे. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत चौकशी कर. गंजावर लावलेला कुठलाच रंग टिकत नाही. मग थिनरने पूस, आणि त्यानंतर उघड्या हाताने अजिबात धरू नकोस. बोटाचं तेल राहिलं की तिथेच पापुद्रा सुटतो. माझा पहिला मॅनिफोल्ड असाच गेला, बोटांचे चारही ठसे उमटले होते!

रोजच्या पेट्रोल गाडीला सिलिकॉनचा हीटप्रूफ रंग पुरतो. डब्यावरचा १२०० आकडा बहुतेक वेळा फॅरनहाइट असतो, म्हणजे सुमारे ६५० सेल्सिअस. टर्बो असेल तर सरळ सिरॅमिक कोटिंग कर, पैसे जातील पण जाऊ देत. साधा रेड ऑक्साइड प्रायमर खाली नको, तो जळतो.

हात पातळ दे, दोन-तीन. खरं काम पुढेच आहे: १२०, २००, मग ३१५ अंश सेल्सिअसला अर्धा-अर्धा तास भाजायचं, मध्ये थंड होऊ द्यायचं. सोलापूरचं मे महिन्यातलं ऊन कितीही कडक असलं तरी त्याने रंग फक्त वाळतो, पक्का होत नाही. घरच्या ओव्हनमध्ये मात्र घालू नकोस, वाफ विषारी असते.