काळ्या मातीचा लॅबमधला नमुना साइटवरच्या दाबणीसारखा कसा बनवायचा?

परभणी-नांदेडकडच्या काळ्या मातीच्या भरावाचा नमुना थेट कमाल घनतेवर ठोकू नका. साइटवर रोलर फिरल्यावर जी घनता आणि ओलावा प्रत्यक्ष मिळणार, तेच मोल्डमध्ये आणायचं.

समजा प्रॉक्टर चाचणीत (वेगवेगळ्या ओलाव्यावर माती ठोकून घनता मोजण्याची चाचणी) मिळालेली कमाल कोरडी घनता 1.50 ग्रॅम/घसेमी (घन सेंटीमीटर) आहे आणि साइटवर 95 टक्के दाबणी मागितली आहे. म्हणजे 1.425. ओलावा 24 टक्के धरला तर 2250 घसेमीच्या सीबीआर (रस्त्याखालच्या मातीची ताकद मोजण्याची चाचणी) मोल्डला ओली माती लागेल 1.425 × 1.24 × 2250, सुमारे 3976 ग्रॅम. तेवढीच मोजून घ्या आणि ठरलेल्या उंचीपर्यंत थरांमध्ये दाबा.

माती ओव्हनमध्ये नको, सावलीत वाळवा. उष्णतेने चिकणमातीचे गुण बदलतात. पाणी मिसळून हवाबंद पिशवीत रात्रभर मुरू द्या. घाईत हेच राहून जातं आणि ढेकळं आतून कोरडी राहतात.

आणखी एक, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: घनता तीच असली तरी कमी ओलाव्यावर दाबलेली काळी माती पाणी लागल्यावर जास्त फुगते. म्हणून साइटवर ओलाव्याची जी मर्यादा दिली आहे, तिच्या दोन्ही टोकांना नमुने करा, 4 दिवस भिजवा आणि फुगवटाही नोंदवा. एकदा ठोकलेली माती परत वापरू नका.