आधी आजोबांचं नागरिकत्व तपासा, मग दाखले गोळा करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही पेनसिल्व्हेनियात राहता, नवरा अमेरिकन, त्याचे आजोबा इटलीतल्या अब्रुझ्झोहून आलेले. नवऱ्याला, नऊ वर्षांच्या मुलीला आणि तुम्हाला इटलीचं नागरिकत्व मिळेल का? माझ्या नवऱ्याचे आजोबा कालाब्रियाचे. आम्ही याच वाटेने गेलो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पणजोबा-खापरपणजोबांपर्यंत मागे जाता येतं, हे तुम्ही वाचलंत ते २७ मार्च २०२५ पर्यंत खरं होतं. दुसऱ्याच दिवशी तिथल्या सरकारने अध्यादेश काढला आणि मे महिन्यात त्याचा कायदा झाला. आता तुमच्या नवऱ्यासारख्या, परदेशात जन्मलेल्या आणि दुसरं नागरिकत्व असलेल्या माणसाच्या आई-वडील किंवा आजी-आजोबांपैकी कुणीतरी फक्त इटालियन असावं लागतं, किंवा मृत्यूच्या वेळी तसं असावं लागतं. सगळी मेख त्या ‘फक्त’मध्ये आहे. आजोबांनी अगदी म्हातारपणी जरी अमेरिकन नागरिकत्वाची शपथ घेतली असेल, तरी त्यांच्याकडून अर्ज करता येत नाही.

म्हणून गावच्या कोमूनेला, म्हणजे तिथल्या नगरपालिकेला, जन्मदाखल्यासाठी लिहिण्याआधी अमेरिकन जनगणनेच्या जुन्या नोंदी काढा. १९३० आणि १९४० च्या नोंदींत नागरिकत्वाचा रकाना आहे. ‘एनए’ म्हणजे नागरिक झालेला, ‘पीए’ म्हणजे पहिला कागद (नागरिक व्हायचा इरादा जाहीर करणारा) केलेला, ‘एएल’ म्हणजे परकीय. आमच्याकडे आजोबांचा ‘सिटिझनशिपचा कागद’ कपाटात जपून ठेवला होता आणि ते अमेरिकन झाले होते असंच सगळे धरून चालले होते. मी तो नीट वाचला तेव्हा कळलं, ते नुसतं नागरिक व्हायच्या इराद्याचं पत्र होतं, म्हणजे तो पहिला कागद. शपथ त्यांनी कधी घेतलीच नव्हती. पुढे इमिग्रेशन खात्याकडून ते नागरिक झाल्याची नोंद नसल्याचा दाखला मागवला, आणि आमच्या सगळ्या अर्जात तोच सर्वांत मोलाचा ठरला. तुमच्या घरातला असा कागद कुणाच्या ऐकीव माहितीवर सोडू नका, स्वतः वाचा.

आजोबा नागरिक झालेले निघाले, तर आजी पाहा. सप्टेंबर १९२२ नंतर नवरा अमेरिकन झाला म्हणून बायको आपोआप अमेरिकन होत नसे. मात्र आजीकडून जायचं असेल आणि तुमच्या सासऱ्यांचा जन्म १ जानेवारी १९४८ पूर्वीचा असेल, तर वकिलातीत काम होत नाही, इटलीतल्या न्यायालयात जावं लागतं.

वकिलातीचं शुल्क माणशी ६०० युरो आहे आणि अर्ज नामंजूर झाला तरी ते परत मिळत नाही. अमेरिकन दाखल्यांना त्या-त्या राज्याचं अपोस्टिल (कागद खरा असल्याचं, परदेशात चालणारं सरकारी प्रमाणपत्र) आणि इटालियन भाषांतर लागतं. जुझेप्पेचा जोसेफ झालेला असतोच, तेव्हा नावातला प्रत्येक फरक आधीच लिहून काढा.

मुलीबद्दल लिहिताना मला वाईट वाटतं. तिचे वडील आणि तिचे आजोबा, म्हणजे तुमचे सासरे, दोघेही अमेरिकन, म्हणजे ‘फक्त’ इटालियन कुणीच नाही. तिच्या वयाला उरलेला मार्ग म्हणजे नवऱ्याचं नागरिकत्व मान्य झाल्यावर तुम्ही दोघांनी तिच्यासाठी घोषणा करायची आणि तिने सलग दोन वर्षं इटलीत कायदेशीर राहायचं. हे खरंच जमणार आहे का, ते अर्जाआधी घरात बसून बोला.

तुमचा अर्ज लग्नावरून होईल. परदेशात राहणाऱ्यांना लग्नानंतर तीन वर्षं थांबावं लागतं, मूल असेल तर त्याच्या निम्मी. शिवाय इटालियन भाषेची बी-१, म्हणजे मध्यम, पातळी हवी. इथे घाई करू नका. तुमच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे, आणि स्वखुशीने दुसरं नागरिकत्व घेतलं की १९५५ च्या कायद्याने भारतीय नागरिकत्व संपतं. ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड, मिळेल, पण मतदान नाही, शेतजमीन विकत घेणं नाही. मी अजून अर्ज केलेला नाही. तुम्ही करणार असाल तर आधी महापालिकेचा जन्मदाखला काढून बघा. माझ्या दाखल्यावर नावाची जागा कोरी होती, तिथे फक्त ‘मुलगी’ एवढंच लिहिलेलं, आणि ते नाव घालून घेण्यासाठी भावाला कितीतरी फेऱ्या माराव्या लागल्या.