साद्झाच्या भांड्यापासून सुरुवात कर

प्रिय मुली,

सेलस स्काउट्स या लष्करी तुकडीवरचा तुझा खर्डा काल रात्री वाचून संपवला. मेहनत घेतली आहेस. कारिबा सरोवराकाठचा वाफा-वाफा तळ, उपाशीपोटी माग काढायचं शिक्षण, सगळं रंगून लिहिलंयस. पण अख्ख्या लेखात गावातलं एकही माणूस नाही, याचं वाईट वाटलं. म्हणून लगेच लिहायला बसलो.

ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेत, १९७३ साली लष्करी अधिकारी रॉन रीड-डेलींनी ही तुकडी उभी केली. तिच्यात काळे सैनिक जास्त, आणि तिथल्या गोऱ्या सरकारविरुद्ध लढणारे, पकडून फितवलेले गनीमही. गनिमांचेच कपडे, त्यांच्याच बंदुका घेऊन ही माणसं रात्री गावात शिरत. घरच्या बाईनं मक्याच्या पिठाचा साद्झा रांधून वाढायचा. बंदूकवाल्याला नाही म्हणायची सोय नव्हती. जेवताना सहज विचारल्यासारखी चौकशी व्हायची, आधी कोण येऊन गेलं, कुठल्या वाटेनं गेलं? मग टेकडीवरून रेडिओवर निरोप जायचा आणि हेलिकॉप्टरं यायची. आता तिच्या जागी उभी राहा. खऱ्या गनिमांना जेवू घातलं तर सरकार धरणार. खोट्यांपुढे तोंड उघडलं तर फितूर म्हणून गनीम मारणार. आणि दारातला माणूस खरा की सोंगाडी, हे कळायचं कसं? तुकडीचं सगळं यश याच न कळण्यावर उभं होतं. खर्ड्याचा निम्मा भाग इथेच खर्च कर.

हे सोंग त्यांच्यावरही उलटायचं. स्काउट्स असतील तो टापू ‘गोठवलेला’, म्हणजे बाकी फौजेला मज्जाव. तरी १९७३ मध्येच जागेच्या घोळातून स्काउट्समधलाच आंद्रे राबी आपल्याच फौजेच्या गोळीने गेला. पुढे छावणीला त्याचं नाव दिलं.

न्याद्झोन्याला तू ‘धाडसी मोहीम’ म्हटलंयस. तो शब्द काढ. ९ ऑगस्ट १९७६ रोजी फ्रेलिमोच्या, म्हणजे मोझांबिकच्या सत्ताधारी पक्षाच्या फौजेच्या, गाड्यांसारख्या रंगवलेल्या गाड्यांतून ८४ स्काउट्स मोझांबिकमधल्या या छावणीत घुसले. आतल्यांना वाटलं, आपलीच माणसं आली. हजाराहून अधिक मेले. ऱ्होडेशियाने त्यांना गनीम म्हटलं, गनिमांच्या झानू पक्षाने निर्वासित. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेनेही ती निर्वासितांची छावणी मानली होती. सैनिकांच्या आठवणी जरूर वाच, मोहिमेचे बारकावे तिथेच मिळतील. मात्र दुसऱ्या बाजूचे कागद शेजारी उघडे ठेवल्याशिवाय त्यातलं एक वाक्यही उचलू नकोस.

शेवट फार लांबवू नकोस. १९७९ मध्ये लँकेस्टर हाउसचा करार झाला, १९८० मध्ये झिम्बाब्वे स्वतंत्र झाला आणि तुकडी मोडली, एवढं पुरे.

नवा खर्डा साद्झाच्या भांड्यापासून सुरू कर. बंदुकांची नावं चौथ्या पानावर आली तरी चालतील. लिहून झाला की पाठव, मी त्याच दिवशी वाचेन.

तुझा,
सर